सेल्मरच्या अंगणातले हिरवे ठिपके

"तुझ्या हातचं खाईन, त्या बिनब्रेकच्या गाडीत तुझ्या शेजारी बसून खिंड उतरेन, पण तू भरलेलं काडतूस मी माझ्या गालाशी लावणार नाही. सांगून ठेवते."

माझ्या भावाच्या मागच्या दारात पायरीवर उभी राहून मी हे ऐकलं. हातात तिचीच केकची थाळी होती, धुऊन परत द्यायला आणलेली. जाळीच्या दारातून आत शिरणार, तेवढ्यात डॅग्नीचा आवाज आला आणि पाय तिथेच थांबले. ऐकायला नको होतं म्हणा. पण लग्न होऊन चार महिने झालेल्या भावजयीचं भांडण सोडून परत फिरणारी नणंद मी तरी कुठे पाहिलेली नाही.

"मी काय तुला मारायला बसलोय का?" सेल्मर म्हणाला.

"मुद्दाम कोण मारतं? माझ्या बापाच्या गालात निळे ठिपके आहेत, बघितलेस ना? तीळ पेरल्यासारखे. ते कोणी पेरले? माझ्या सख्ख्या मामाने. प्रेमाने भरून दिली होती काडतुसं. तोही असाच हसरा होता."

"हसरा असणं गुन्हा आहे?"

"नाही. पण तू बसवलेल्या फळीवर अंडं ठेवलं की ते घरंगळत खिडकीपर्यंत जातं, सेल्मर. मी रोज बघते."

ती फळी मीही पाहिली होती. मी थाळी पायरीवरच ठेवली आणि आल्या पावली कुंपण ओलांडून घरी आले.

आमच्या खोऱ्यात ऑक्टोबर सरत आला की एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबरांच्या, शिकारीचा मोसम उघडतो, आणि त्या मोसमात जे मिळेल त्यावर घराघरातला हिवाळा निघतो. बहुतेक लोक आपली काडतुसं घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळ पुन्हा घासूनपुसून घ्यायचं, बुडाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत मोजून बारूद ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. यातलं बाकी सगळं कोणालाही येतं. कस लागतो तो बारूद मोजण्यात. कमी पडली तर गोळी नेमाच्या खाली लागते आणि जखमी जनावर झुडपात जाऊन तडफडून मरतं. जास्त पडली तर बंदूक मागच्या बाजूने फुटू शकते. आणि मागच्या बाजूला, वीतभर अंतरावर, आपला गाल असतो. म्हणून मोंटानात शेजारी एकमेकांना ट्रॅक्टर देतात, बियाण्याचे बटाटे देतात, वेळ पडली तर पोरंही सांभाळायला देतात, पण काडतुसं देत नाहीत. देणाऱ्यालाही घेणाऱ्याच्या जिवाची भीती वाटते.

सेल्मर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. रस्त्याचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. उंच, लांब हातांचा, सदा काहीतरी बडबडणारा माणूस. त्याचं सगळं अंदाजपंचे चाले. कुंपणाचे खांब डोळ्यांनी मापून पुरायचा, म्हणून ते कुंपण बघताना नशा केल्यासारखं वाटायचं. पॅनकेकचं पीठ मुठीने घ्यायचा. चर्चमध्ये भजन म्हणताना बाकीचे संपले की हा आणखी एक ओळ म्हणायचा. आणि बारूद तो मोजायचा ती एका कापलेल्या जुन्या पितळाला तारेची दांडी लावून केलेल्या पळीने. पळी बुडवायची, कडेला ठोकायची, ओतायची. आमचा बाप तसंच करायचा आणि बापाला कधी काही झालं नाही, एवढाच त्याचा हिशेब.

त्या भांडणानंतर आठवडाभराने मी गेले तर ती पळी चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेली. डॅग्नी तिने मीठ घेत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"नवऱ्याला विचारा, नणंदबाई," ती म्हणाली. डॅग्नी मला एरवी बोर्गी म्हणायची, पण चिडवायचं असलं की नणंदबाई व्हायचे मी.

सेल्मरने काटा आणला होता. सोनाराकडे असतो तसा, एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढं पारडं. त्याच्याबरोबर पितळेची एक बारीक नळी, तिची मूठ फिरवली की टोकातून बारुदीचा एकेक दाणा पडणार. तेव्हापासून त्या घरात रविवारची दुपार म्हणजे एक सोहळाच झाला. आधी सेल्मर पाइप विझवून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवायचा. मग मांजर बाहेर. मग पंखा बंद. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. फ्रीजच्या घरघरीने काटा थरथरतो असं त्याच्या लक्षात आलं, तर तो फ्रीजची वायरही काढून ठेवायचा आणि पुन्हा लावायची विसरायचा. सोमवारी सकाळी डॅग्नी नासलेलं दूध सिंकमध्ये ओतताना काय काय बोलायची ते मी कुंपणापलीकडून ऐकलंय, लिहीत नाही.

काट्याचा खरेपणा बघायला त्याच्याकडे एक इवलंसं पितळी वजन होतं, चिमट्याने उचलायचं. हात लावला तर बोटाचं तेल लागून त्याचं वजन वाढतं म्हणे. ते आधी ठेवून दांडी बरोबर रेघेवर आली की मगच बारुदीचा डबा उघडायचा. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा त्याचा दुसरा नियम. प्रत्येक बंदुकीची बारूद वेगळी, दाणाही वेगळा, आणि एक डबा कपाटात गेल्याशिवाय दुसरा बाहेर यायचा नाही.

मी एकदा तिथे बसले होते. तो दाण्यामागून दाणा टाकत होता. दांडी रेघेच्या खाली, अजून खाली, आणि मला शिंक आली.

"बोर्गी!" तो ओरडला. "मोसम संपल्यावर शिंकत जा!"

पारडं त्याने उलटं करून डब्यात रिकामं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाकी सगळं तसंच राहिलं हो. फळी तशीच तिरकी, कुंपण तसंच झिंगलेलं. एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात नीट मोजली.

पण डॅग्नीने त्याचं काडतूस घेतलं नाही. ती आपली स्वतः भरायची. सेल्मर उठला की त्याच खुर्चीवर ती बसायची, त्याच काट्यावर, आपल्या डब्यातून. तिची बंदूक तिच्या बापाची, हलकी, सुबक. तिला लागणारी काडतुसंही निराळी. शाळेच्या मुदपाकखान्यात ती पोरांचा स्वयंपाक करायची, आणि तिथे जशी शिस्त तशीच इथे. लोकांना हसायला निमित्तच झालं. न्हाव्याच्या दुकानात म्हणायचे, एका घरात दोन चुली ऐकल्या होत्या, सेल्मरच्या घरात दोन बारुदा आहेत. सेल्मर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मोसमाच्या आदल्या दिवशी तो मात्र दरवर्षी एक गोष्ट करायचा. डॅग्नीच्या बंदुकीची चार काडतुसं भरून, पुठ्ठ्याच्या छोट्या पेटीत घालून, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा. हातात द्यायचा नाही, बोलायचा नाही. ती पेटी तिथेच राहायची. ती खिडकी पुसायची, पेटी उचलून पुसायची, परत ठेवायची. मोसम संपला की तो ती चार फोडून टाकायचा.

फोडायचं म्हणजे कसं, तर हातोडीसारखी एक पोकळ वस्तू असते. तिच्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि बारूद सुटून बाहेर येतात. ज्याबद्दल जरा शंका आली, भरताना मन कुठे गेलं, कोणी हाक मारली, ते काडतूस फोडायचं. आणि त्यातली बारूद पुन्हा डब्यात घालायची नाही, अंगणात गवतावर टाकायची. आमच्याकडे सगळेच तसं करतात, कारण बारूद खाऊन गवत माजतं. सेल्मर पारडं घेऊन पायऱ्या उतरायचा, गवतावर उलटं करायचा, कुंपणाच्या खांबावर दोनदा ठोकायचा. कुठे निघालास विचारलं की म्हणायचा, "गवताला जेवायला घालतो." उन्हाळ्यात त्याच्या अंगणात गर्द हिरवे ठिपके उठायचे, बशीएवढे. रस्त्याने जाणारा कोणीही बघून सांगायचा की गेल्या वर्षी सेल्मरचं किती वेळा चुकलं. गावातल्या इतर शहाण्यांची अंगणं एकसारखी पिवळी असायची. त्यांचं कधी चुकत नसे.

अशी वर्षं गेली. पोरं मोठी होऊन शहरांकडे गेली. मग संधिवाताने डॅग्नीची बोटं धरली.

आधी ती काही बोलली नाही. एका रविवारी मी गेले तर ती जमिनीवर गुडघे टेकून काडतुसाची टोपी शोधत होती. मसुराएवढी ती वस्तू. मी शोधून दिली. तिने ती बसवायला घेतली, पुन्हा पडली. मग तिने नळीची मूठ धरली, तर बोटं वळेनात आणि एकेक दाणा पडायच्या ऐवजी भसकन ओतली गेली. तिने पारडं रिकामं केलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने काटा हाताने थांबवला, डब्याला झाकण लावलं आणि बापाची बंदूक फ्लॅनेलच्या जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात उभी केली.

"यंदा मी घरीच राहीन म्हणते," ती म्हणाली. "सफरचंदं खूप आलीयत. कोणीतरी करायला हवंय त्यांचं."

डॅग्नी नऊ वर्षांची असल्यापासून बापामागून त्या डोंगरावर जात होती. पहिल्या बर्फात डोंगरावर गेली नाही तर तिचा हिवाळा सुरूच व्हायचा नाही. तिला सफरचंदं आवडतही नव्हती.

"दुकानातून आण की तयार काडतुसं," मी म्हटलं.

"बापाच्या बंदुकीची दुकानवाले ठेवत नाहीत आता. विचारून आले मी. तो पोरगा म्हणाला, आजी, ही बंदूक भिंतीवर लावा, छान दिसेल." ती हसली, पण तोंडाने नुसती. "भिंतीवर मलाच लावा म्हणावं."

सेल्मर बाजूलाच उभा होता. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही 'मी भरून देतो' म्हटलं नव्हतं आणि त्या दिवशीही म्हटलं नाही. तो मला कुंपणापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मी विचारलं तर ती नाही म्हणेल. आणि मग ते नाही आमच्या दोघांमध्ये कायमचं बसून राहील. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

पुढच्या शनिवारी चर्चमध्ये वार्षिक जेवण होतं, वाळवलेल्या माशाचं, ज्याचा वास आमच्या कपड्यांतून नाताळपर्यंत जात नाही. डॅग्नी सकाळपासून तिकडे बटाटे सोलून घेत होती, म्हणजे दुसऱ्यांना सोलायला लावत होती. सेल्मरने घाई केली. ती परत यायच्या आत नेहमीची चार नाही, तिची पूर्ण पेटी भरून खिडकीत ठेवायची, असं त्याने ठरवलं. आणि त्याच बैठकीत आपलीही उरकायची. त्या घाईत, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या टेबलावर दोन डबे आले.

डॅग्नी घरी आली. खिडकीतली भरलेली पेटी तिने पाहिली. उचलली, खिडकी पुसली, परत ठेवली. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पेटीचं झाकण उघडं होतं आणि ती चष्मा लावून एकेक काडतूस उजेडाला धरून बघत होती. माझी चाहूल लागताच झाकण बंद.

"धूळ बसली होती," ती म्हणाली.

मंगळवारी सेल्मर माझ्या पायरीवर येऊन बसला. टोपी हातात, चेहरा राखेसारखा.

"बोर्गी, तिच्या डब्यात माझी बारूद आहे."

"म्हणजे?"

"तिचा दाणा आखूड, माझा लांब. आज डबा उघडला तर आखुडांत लांब दिसले. माझी भरून झाल्यावर उरलेली मी तिच्या डब्यात ओतली."

"पण तिची काडतुसं तर तू आधी भरलीस ना?"

"आधी. पण शेवटी दोन-तीन मला पटली नाहीत म्हणून फोडून पुन्हा भरली. ती मिसळायच्या आधी की नंतर? बहुतेक आधी." त्याने टोपी गुडघ्यावर आपटली. "बहुतेक! आणि बाहेरून सगळी सारखीच. कुठली ती कळायला मार्ग नाही."

"डबा बघितला तिने?"

"नाही."

"मग गुपचूप पेटी बदल. नवी बारूद आण, नवी भर, त्याच पेटीत घाल. तिला कशाला कळायला हवं? आत्ता कुठे झाकण उघडलंय तिने."

मी त्याची बहीण. मला त्याचंच भलं दिसत होतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्या डब्यात हात घातला होता.

"झाकण उघडलं तिने?" तो म्हणाला.

"उघडलं. एकेक बघत होती."

त्याने आपल्या अंगणाकडे बघितलं. मग टोपी घातली आणि गेला.

त्या दुपारी मी माझ्या खिडकीतून सगळं पाहिलं. त्याने पेटी आणली आणि पायरीवर, दिवसाढवळ्या, डॅग्नी आत ओट्याशी उभी असताना, एकेक काडतूस ठोकायला घेतलं. ठक, ठक, ठक. ती जाळीच्या दाराशी आली.

"काय चाललंय?"

"चुकलं," सेल्मर म्हणाला. "तुझ्या डब्यात माझी पडली. यातल्या काहींत गेली असेल, नसेल. माहीत नाही."

"टेबलावर दोन डबे होते?"

"होते."

"हं," डॅग्नी म्हणाली आणि आत गेली.

त्याने सगळी फोडली. मग तिचा डबा काखेत मारून गवतावर उतरला आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी मूठ मूठ बारूद पायऱ्यांपासून फाटकापर्यंत उधळली. त्याच्या तोंडून त्या दिवशी जेवायला घालायचा विनोदही निघाला नाही. त्या मोसमात डॅग्नी डोंगरावर गेली नाही. सेल्मर एकटा गेला आणि एकटाच लवकर परत आला, म्हणाला, जनावरं दिसली नाहीत. त्या वर्षी तर ती लोकांच्या अंगणात येऊन उभी राहत होती.

उन्हाळा आला. बर्फ वितळला आणि त्यांच्या अंगणात ठिपके नाही, पायरीपासून फाटकापर्यंत रुंद पट्टाच उठला. गर्द हिरवा, घोट्याच्या वर. पोस्टमन फाटकाशी थांबून बघायचा. न्हाव्याच्या दुकानात तर सणच होता. "सेल्मर, यंदा गालिचा घातलास काय?" सेल्मर हसायचा, पण सगळ्यांत मोठ्याने नाही.

गवत कापायचं काम त्या घरात डॅग्नीचं. दुखऱ्या हातांनीही ती यंत्र ढकलायचीच. एका सकाळी मी बघितलं तर तिने सगळं अंगण कापलं होतं आणि तो पट्टा तेवढा ठेवला होता. भोवतीने नीट वळण घेऊन.

"हा का ठेवलास?" मी कुंपणावरून विचारलं. "लोक हसतायत."

तिने यंत्र थांबवलं, घाम पुसला.

"माझ्या मामाचं अंगण आठवतंय मला," ती म्हणाली. "लहानपणी तिथे खेळायचे मी. पिवळं होतं सगळं. एक ठिपका हिरवा नव्हता, बोर्गी. एवढी वर्षं काडतुसं भरली त्या माणसाने."

आणि पुन्हा यंत्र ढकलू लागली.

ऑक्टोबर आला. मोसमाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे कॉफी पीत बसले होते. सेल्मरने नेहमीसारखी पेटी आणून खिडकीत ठेवली आणि पाइप घ्यायला बाहेर गेला. डॅग्नी उठली, कपाटातून फ्लॅनेलची चादर काढली. मग खिडकीतली पेटी उचलली, पुसली नाही, कोटाच्या खिशात टाकली. सेल्मर दारात आला तेव्हा खिडकी रिकामी होती. त्याने खिडकीकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मांजराने पाडली का?" तो म्हणाला.

"मांजर बाहेर आहे," डॅग्नी म्हणाली. "आणि फ्रीजची वायर लाव. आजच्या दिवस दूध शाबूत राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं डोंगरावरून खाली आली. एल्क गाडीत होता. डॅग्नीच्या गालावर ओरखडाही नव्हता, फक्त थंडीने लाल झाला होता. सेल्मर तिचा तो गाल सारखा चोरून बघत होता, नवरदेवासारखा. मी म्हटलं, "बघतोस काय, तुझीच बायको आहे." तो म्हणाला, "बोर्गी, तू घरी जा."

त्यानंतर तिने बंदुकीत दुसऱ्या कोणाचं काडतूस घातलं नाही आणि त्यांच्या घरात एकच बारूद राहिली, असं न्हाव्याच्या दुकानात म्हणायचे.

मग सेल्मरचं हृदय थकलं. डॉक्टरने डोंगर बंद केला, पाइप बंद केला, आणि हा वसंत ऋतू बघेल ना, असं विचारलं तर खिडकीबाहेर बघितलं. सेल्मरने फक्त एवढंच विचारलं की बसून करायची कामं चालतील ना.

त्या ऑक्टोबरात त्याने पेटी भरायला बरेच दिवस घेतले. थोडं करायचं, पडून राहायचं, पुन्हा बसायचं. मी शेजारी विणत बसायचे, शिंक आली तर अंगणात पळायचे. शेवटच्या दुपारी डॅग्नी ओट्याशी बंदुकीला तेल लावत होती. त्याने पेटी बंद केली, खिडकीत ठेवली आणि खुर्चीत टेकला. थोड्या वेळाने पुन्हा उठला. पेटी उघडली, कडेचं एक काडतूस काढलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे भरताना खोकला आला होता मला."

"अरे, काट्यावर बरोबर होतं की. मी बघितलं."

"तू शिंकायचं सोडून काट्याकडे कधीपासून बघायला लागलीस?"

त्याने ते हातोडीत अडकवलं. दोनदा ठोकायला लागलं. गोळी सुटली. बारूद त्याने पारड्यात ओतून घेतली, कोट न घालता काठी उचलली आणि जाळीचं दार खांद्याने ढकललं. पायऱ्या त्याने एकेक करून उतरल्या, दर पायरीवर थांबत, पारडं छातीशी धरून, वारा लागू नये म्हणून वर हनुवटीचा आडोसा.

"थंडीत कुठे निघालास?" डॅग्नीने ओट्यावरून मान न वळवता विचारलं.

"गवताला जेवायला घालतो," सेल्मर म्हणाला. त्याने पारडं उलटं केलं आणि कुंपणाच्या खांबावर दोनदा ठोकलं.